माझ्याकडे चालतंय

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, सगळा बाजार 'चालेलच' म्हणतो. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ठेवलं असतं तर इतकं सौम्य ठेवलं नसतं. गेली पंचवीस वर्षं ते एका गाळ्यात बसून लोकांचे व्हिडिओ इकडून तिकडे भरून देतात. गिऱ्हाईक "आमच्या टीव्हीवर चालेल ना?" असं विचारायला तोंड उघडतं, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे "चालेलच!" म्हणून मोकळे होतात. मग ते गिऱ्हाईक घरी जातं आणि संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं करून परत येतं.

गाळा म्हणजे औषधांचं दुकान आणि चष्म्यांचं दुकान यांच्यामधली फट. तिथे पूर्वी व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायच्या. कॅसेट मेल्या, सीडी आल्या, तेव्हा भाऊजींनी पाटीवरच्या 'कॅसेट'वर रंगाचा हात मारून 'सीडी' लिहिलं. पुढे सीडीही गेल्या, डीव्हीडी आल्या, त्याही गेल्या आणि पेनड्राइव्ह आले. पाटीवर रंगाचे इतके थर बसले की ती लांबूनही जाड दिसायला लागली. सध्या तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'कोणताही व्हिडिओ, कोणत्याही टीव्हीवर'. इतकं धडधडीत खोटं मी निवडणुकीच्या पोस्टरवरसुद्धा वाचलेलं नाही.

मी कोण हे सांगायचं, तर मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसाला साडेतीनशे-चारशे शर्ट माझ्या टेबलावरून जातात. कॉलर, कफ, काजं, बटणं, शिवण. प्रत्येक शर्ट उलटा करून आतून बघायचा आणि दोष दिसला की तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा. अठरा वर्षं हेच केल्यामुळे नजर तशीच झाली आहे. घरीदारी लोक माझ्याशी जरा जपून असतात. भाऊजी समोर आले की मला पहिला बाण कुठे लावावा हेच सुचत नाही.

त्यांची कामाची पद्धत एकदा सांगूनच टाकते. दुकानात त्यांचा एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यात एक प्लेअर टाकलेला आहे, जो जगातली कुठलीही फाईल निमूट वाजवतो. कुठल्याही कॅमेऱ्यातली, कुठल्याही मोबाईलची, अर्धी मोडकी असली तरी. भाऊजी प्रत्येक फाईल त्याच्यावर पाच सेकंद लावून बघतात. लागली की पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाइकाच्या घरचा टीव्ही कोणता, किती जुना, त्याला काय पचतं, काय नाही, याची चौकशी नाही. टीव्हीचं पोट त्या प्लेअरसारखं नसतं, प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं, हे त्यांना पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नसेल असं नाही. सांगणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असतं, "माझ्याकडे चालतंय." म्हणजे दोष टीव्हीत, नाहीतर तुमच्यात.

एका शिंप्याने नव्या दुकानाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ त्यांच्याकडून भरून नेला. मोबाईल उभा धरून काढलेला व्हिडिओ होता. भाऊजींच्या कॉम्प्युटरवर सरळ दिसला, शिंप्याच्या टीव्हीवर आडवा. पाहुणे भिंतीला पाय लावून आडवे झोपून फीत कापतायत, आणि शिंप्याची सगळी सासुरवाडी माना वाकड्या करून बघतेय. शिंपी तक्रार घेऊन आला तेव्हा भाऊजींनी शांतपणे विचारलं, "टीव्ही भिंतीवर आहे की स्टँडवर?" स्टँडवर आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग तो आडवा करा ना! तेवढ्यापुरता!" शिंपी आजही हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवतो, आणि मी त्याच्याकडे ब्लाउज टाकायला गेले की मला पुन्हा ऐकवतो.

त्यांची दुसरी विद्या म्हणजे फाईलचं नाव बदलणं. फाईलच्या नावाच्या शेवटी एक शेपूट असतं, त्यावरून टीव्हीला कळतं की ही कुठल्या जातीची फाईल आहे. एखादी फाईल टीव्ही घेईना, की भाऊजी ते शेपूट खोडून त्या जागी टीव्हीला आवडणारं शेपूट लिहितात. आत माल तोच. याला ते 'कन्व्हर्ट करणं' म्हणतात. आमच्या कारखान्यात मोठ्या मापाच्या शर्टाला लहान मापाचं लेबल लावलं तर नोकरी जाते. इथे त्याच कामाचे लोक आभार मानून जातात, निदान घरी पोचेपर्यंत तरी.

आता वडिलांकडे येते, कारण त्यांच्याशिवाय भाऊजींची गोष्ट पुरी होत नाही. वडील तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते माइकवरून सांगायचं काम. शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस त्यांच्या आवाजाने दचकून उठायचा आणि चुकीच्या गाडीत चढायचा. घरातही ते त्याच आवाजात मीठ मागायचे. त्यांचा आवडता शब्द 'गाढव'. ड्रायव्हर गाढव, साहेब गाढव, बातम्या सांगणारा गाढव. आई होती तोवर तिलाही तो मान अधूनमधून मिळायचा आणि ती "मग तुम्ही कोण?" म्हणून परत करायची.

फक्त जावयाला गाढव म्हणायची सोय नव्हती. जावई तो जावई, त्याला अहो-जाहो. याच्यावर वडिलांनी काढलेली युक्ती आम्ही पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्या निरोप समारंभानंतर. डेपोतल्या कोणीतरी भाषणांचं शूटिंग केलं होतं आणि भाऊजींनी त्याची डीव्हीडी करून दिली होती. ती बघायला वडिलांनी डेपोतली बारा माणसं घरी बोलावली. सगळे दाटीवाटीने बसले. प्लेअरने तबकडी आत घेतली, दोनदा घरघर केली आणि बाहेर ढकलली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"माझ्याकडे चालतंय," भाऊजी म्हणाले.

वडील रिमोट हातात धरून उभे होते. त्यांनी जावयाकडे बघितलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि फलाटाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाढव!"

बाराच्या बारा माणसं हसली. भाऊजीही हसले, कारण त्यांना वाटलं मला म्हणाले. तेव्हापासून ती रीतच पडली. भाऊजींनी काही दिवे लावले की वडील माझ्याकडे बघून गाढव म्हणायचे, मी मान डोलवून ते ठेवून घ्यायचे, आणि दोघांना बरं वाटायचं. त्या एका शब्दावर आम्ही दोघांनी भाऊजींबरोबरची कितीतरी वर्षं काढली.

गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना वडिलांच्या हातातून वस्तरा पडला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. महिनाभराने पाय काठीपुरता आला. बोलणं आलं नाही. त्यांना समजत सगळं होतं, पण शब्द तोंडापर्यंत यायचे नाहीत. लिहून दाखवायचं, तर हात गेला होता आणि डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या यायच्या. जो माणूस तीस वर्षं शेकडो गाड्यांची नावं माइकवर सांगायचा, त्याला पाणी हवं आहे हे सांगायला पेला आपटावा लागायचा. मला ते बघवायचं नाही. मी कामाला लवकर निघायचे आणि उशिरा यायचे, त्याचं खरं कारण हे होतं. लोकांना मी ओव्हरटाइम सांगायचे.

डॉक्टर म्हणाले होते, "पहिले सहा महिने सोन्याचे. बोलणं जे काही परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. नंतर फार आशा धरू नका." त्यातला एक महिना इस्पितळातच गेला होता.

बोलणं शिकवणाऱ्या बाई शहरातल्या मोठ्या इस्पितळात, आमच्यापासून तीन तासांवर. आम्ही त्यांना स्पीचच्या बाई म्हणायचो. रोज जाणं शक्य नाही, म्हणून त्यांनी स्वतःला कॅमेऱ्यासमोर बसवून खास वडिलांसाठी चाळीस मिनिटांचे धडे शूट केले. त्या दिवशी माझी शिफ्ट होती, म्हणून वडिलांना घेऊन ताई आणि भाऊजी गेले होते. कॅमेऱ्याचं कार्ड भाऊजींच्या हातात आलं. निरोप माझ्यापर्यंत पोचला तो असा, दिवसातून दोनदा लावायचं, मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावर, बाई करतात तसं बाबांनी करायचं, तीन महिन्यांनी परत दाखवायला आणायचं.

भाऊजी स्कूटरवरून पेनड्राइव्ह घेऊन आले. आमच्या टीव्हीने ती फाईल दाखवलीच नाही.

"माझ्याकडे चालतंय," भाऊजी म्हणाले. मी फक्त बघितलं त्यांच्याकडे. "थांब, कन्व्हर्ट करून आणतो," म्हणून गेले आणि वीस मिनिटांत परत आले. दुकानात जाऊन यायलाच पंधरा मिनिटं लागतात. उरलेल्या पाच मिनिटांत चाळीस मिनिटांचा व्हिडिओ काय कन्व्हर्ट होणार! शेपूट बदललं होतं. पण या वेळी टीव्हीने फाईल घेतली. पडद्यावर स्पीचच्या बाई आल्या, केस घट्ट बांधलेल्या, ओठ मोठे उघडून मिटणाऱ्या.

"सुरुवातीला एक पाटी येते कोपऱ्यात," भाऊजी म्हणाले. "ओके दाबायचं. मग चालेलच."

"आवाज?" मी विचारलं. मी विचारलं होतं, एवढं माझ्या खात्यावर जमा आहे.

त्यांनी आवाजाचं बटण वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. आणि मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "आवाज मुद्दामच नाही ठेवलेला. ओठांचा व्यायाम आहे ना हा. आवाज आला की पेशंटचं लक्ष जातं."

एखादा माणूस आपल्याला काही माहीत नाही हे कबूल करायला इतका घाबरतो, की दोन सेकंदांत अख्खं वैद्यकशास्त्र तयार करतो. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला शिफ्टला जायचं होतं. मी म्हटलं, असेल.

तेव्हापासून सकाळी सातला मी पेनड्राइव्ह लावायचे, पाटी आली की ओके दाबायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. आतून मला काही ऐकू यायचं नाही. शांतता असायची आणि मला ती शांतता बरी वाटायची. मध्ये एकदा डोकावले तर वडील खुर्चीत ताठ बसलेले, पडद्यावर बाई ओठ उघडतायत तसे ते ओठ उघडतायत, बाई ओठांचा चंबू करतायत तसा ते करतायत. दोघंही गप्प. शिक्षा झालेल्या शाळकरी मुलासारखे ते ओठ हलवत होते. मी म्हटलं, वा, करतायत व्यवस्थित. आणि आमटी ढवळायला परत गेले.

पहिल्या आठवड्यात ते मला कान दाखवायचे. डाव्या हाताच्या बोटाने कानावर टकटक करायचे, मग टीव्हीकडे बोट, मग पुन्हा कान. मी विचारलं, "दुखतोय?" त्यांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून. झटक्यानंतर बऱ्याचदा त्यांचं हो नाही व्हायचं आणि नाही हो व्हायचं, म्हणून मी ते हो धरलं. कानात थेंब टाकले. थेंब टाकताना त्यांनी माझा हात झटकला, तेव्हा मी त्यांना रागावले, "लहान मुलासारखं करू नका." तरी टकटक थांबेना, तेव्हा रजा काढून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मळ काढला आणि म्हणाला, "कान उत्तम आहेत. तुमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं यांना."

त्यानंतर वडिलांनी कान दाखवणं सोडून दिलं. मला वाटलं, मळच होता.

बारा आठवड्यांनी मी त्यांना घेऊन स्पीचच्या बाईंकडे गेले. बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हं बाबा, माझ्याबरोबर. आ." वडिलांनी तोंड उघडलं. सुरेख उघडलं. "ऊ." सुरेख चंबू केला. बाई खुश झाल्या. "ओठांचं काम इतकं नेमकं मी कोणाचंच बघितलेलं नाही. आता आवाज काढून." वडिलांनी पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. त्यांच्या डोळ्यांत भीती आली. बाईंनी आपला हात त्यांच्या गळ्यावर ठेवला, गळा थंड होता, आतून काही हलत नव्हतं.

"घरी व्हिडिओ ऐकतात ना?" बाईंनी मला विचारलं.

"ऐकतात म्हणजे? बघतात."

"आणि माझ्या आवाजापाठोपाठ आवाज काढतात ना?"

मी म्हटलं, "तुम्ही आवाज ठेवलेलाच नाही ना त्यात."

बाईंनी वडिलांच्या गळ्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "अहो, चाळीस मिनिटं मी त्यात ओरडतेय. घसा बसला होता माझा. यांच्या मेंदूला शब्द एकट्याने सापडत नाही, कानावर पडला तर त्याला धरून वर येतो. आवाजच नाही, तर कशाला धरून येणार?" मग वडिलांकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मी दाखवते तसं मुक्याने करायचं, असं वाटलं यांना. केलं बिचाऱ्यांनी."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि डावं बोट उचलून कानावर दोनदा टकटक केली. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

"दोन महिने आहेत अजून हातात," बाई म्हणाल्या. "आजपासून लावा. आणि आधी शिवी आली तर घाबरू नका. रागाचे शब्द कधीकधी पहिले निसटतात."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वाटभर मी भाऊजींना काय काय बोलायचं याची उजळणी केली होती, त्यात एक शब्दही बरा नव्हता. गाळ्यात गिऱ्हाईक होतं, मी त्याच्यासमोरच सुरुवात केली.

"लावा ती फाईल."

"कुठली?"

"बाबांची. लावा."

त्यांनी लावली. आणि त्या फटीत स्पीचच्या बाईंचा आवाज असा घुमला की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. "म्हणा बाबा, आ! जोरात! आई! पुन्हा, आई!" भाऊजींच्या तोंडावर अभिमान उगवला आणि अर्ध्यातच मावळला, कारण त्यांना माझं तोंड दिसलं.

"माझ्याकडे चालतंय," ते म्हणाले. पण पुटपुटल्यासारखं.

"तुमच्याकडे चालतंय, म्हणून बाबा तीन महिने मुके बसले," मी म्हटलं. "ओठांचा व्यायाम म्हणे! कुठल्या कॉलेजात शिकलात? माणसाचं बोलणं परत यायचे दिवस होते ते. मोजून दिलेले होते. त्यातले चौऱ्याऐंशी दिवस तुम्ही शेपूट बदलून खाल्लेत."

गिऱ्हाईक पेनड्राइव्ह तसाच ठेवून निघून गेलं. भाऊजी उठले आणि कॉम्प्युटरच्या वायरी काढायला लागले. तो सगळा संसार त्यांनी दोरीने स्कूटरला बांधला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गिऱ्हाइकाच्या टीव्हीसमोर जाऊन बघणार होता. म्हटलं, सुधारायलाही यांना माझे वडीलच सापडले.

आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर कॉम्प्युटर मांडून ते बसले. वडील खुर्चीत. मी दाराशी, हाताची घडी घालून. भाऊजींनी आधी जुनाच पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. कोपऱ्यात पाटी आली. सवयीने माझा हात रिमोटकडे गेला.

"थांब," भाऊजी म्हणाले. चष्मा काढून पुढे सरकले आणि पाटी वाचायला लागले. इंग्रजीत, पण अगदी सरळ लिहिलं होतं, चित्र दाखवतो, या फाईलचा आवाज मात्र मला वाजवता येत नाही. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, आणि त्याचा अर्थही सांगितला, जणू मला इंग्रजी येतच नाही. मला येतं. शर्टावरची लेबलं इंग्रजीतच असतात.

रोज दोनदा, चौऱ्याऐंशी दिवस. एकशे अडुसष्ट वेळा ती पाटी माझ्यासमोर आली होती आणि एकशे अडुसष्ट वेळा मी ओके दाबलं होतं. शर्टाच्या कफाचा एक टाका सुटलेला मी चार हातांवरून ओळखते. मी रिमोट खाली ठेवला. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

मग खरंखुरं कन्व्हर्ट करणं सुरू झालं. शेपूट जसंच्या तसं ठेवून आतला आवाज टीव्हीला पचेल अशा जातीचा करायचा. तेवढं एक बरं होतं, की आधी त्यांनी काही केलंच नव्हतं म्हणून मूळ आवाज शाबूत होता. यांच्या आळशीपणानेच तो वाचवला होता. पहिल्या खेपेला आवाज आला, पण ओठांच्या पुढे धावणारा. बाई तोंड उघडायच्या आधीच आ ऐकू यायचा.

"थोडं पुढेमागे चालेल ना?" भाऊजींनी सवयीने विचारलं.

"नाही चालणार," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्याने पुन्हा लावलं.

दुसऱ्या खेपेला आवाज बरोबर, चित्र दोन मिनिटांवर गोठलेलं. कॉम्प्युटर म्हातारा, प्रत्येक खेपेला तासभर खायचा. दुपार झाली. वडील खुर्चीतच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. भाऊजी जमिनीवर पोक काढून बसले होते, बनियन घामाने चिकटलेला. मी चहा दिला तर बाजूलाच निवून गेला.

तिसऱ्या खेपेला कोपऱ्यात पाटी आली नाही. स्पीचच्या बाई पडद्यावर आल्या, ओठ उघडले, आणि बरोबर त्याच क्षणी खोलीभर आवाज झाला, "नमस्कार बाबा. माझ्या पाठोपाठ म्हणा. आ."

वडिलांनी मान झटकन वर केली. तोंड उघडलं आणि थांबले. बाई पुन्हा म्हणाल्या, "आ." वडिलांच्या छातीतून काहीतरी घरघरत वर आलं आणि ओबडधोबड, फाटका, पण आवाज बाहेर पडला. "आ." भाऊजींनी तोंडावर हात दाबून धरला. पुढे ऊ आला, अर्धा. मा आला नाही. बाई "गा" वर आल्या. गा, गाय, गाव. वडील "गा, गा" करत राहिले, त्याच्या पुढचं काही येत नव्हतं.

मला खरं तर रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी बोलायला लागते. "बघा," मी भाऊजींना म्हटलं, "बघा, एवढंच हवं होतं. तीन महिन्यांपूर्वी हे करता आलं असतं. पण नाही, माझ्याकडे चालतंय! वीस मिनिटांत म्हणे कन्व्हर्ट! एक माणूस समोर मुका होऊन बसलाय हे दिसत नव्हतं? इतका कसा एखादा माणूस..."

"गा," वडील म्हणाले. बाई गप्प होत्या, पडद्यावर पुढच्या धड्याचं चित्र आलं होतं. हा गा बाईंच्या पाठोपाठ नव्हता. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या. "गा... ढ..."

आम्ही दोघंही थिजलो.

"गाढव!"

फलाटाच्या टोकापर्यंत गेला नसता. पण खोलीच्या टोकापर्यंत नक्की गेला. आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले होते.

भाऊजी जमिनीवरून धडपडत उठले. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला म्हणाले ना?" ते म्हणाले. "मला माहितेय गं, इतकी वर्षं तुझ्याकडे बघून मलाच म्हणतात ते. कळत नाही का मला! म्हणा बाबा, अजून म्हणा, शंभर वेळा म्हणा!" त्यांनी वडिलांचा लुळा हात आपल्या हातात घेतला आणि लहान मुलासारखे हलवत राहिले.

भाऊजी त्या हाताकडे बघत होते, म्हणून त्यांना दुसरा हात दिसला नाही. वडील माझ्यावरून नजर न काढता डाव्या हाताचं बोट कानावर आपटत होते. टक, टक.